गाडी बंद करू नका

आदल्या संध्याकाळी बाबांनी गाडीची डिकी रिकामी केली, तेव्हाच आईला आणि मला काय ते कळलं. त्या डिकीत वर्षानुवर्षं एक फाटकी ताडपत्री, रंगाचे वाळलेले डबे आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेलं बरंच काही होतं. माझ्या कितीही कटकटीला दाद न देणारं ते सामान बाबांनी मुकाट्याने वर आणून बाल्कनीत टाकलं. समोरच्या क्वार्टरमधले काका-काकू दुसऱ्या दिवशी सकाळी कायमचे नागपूरला निघणार होते. बाबांना त्यांना स्टेशनवर सोडायचं होतं. फक्त हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, काकांना तर नाहीच.

सांगणार कसे? मी शाळेत होते तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. दोघंही इथे दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत, दोघंही विदर्भातले, एकाच जिन्यात दारासमोर दार. पूर्वी त्यांचा सकाळचा पेपरसुद्धा एकच असायचा. मग एका वर्षी कॉलनीतल्या जयंतीच्या कार्यक्रमात बाबांचं भाषण लांबलं. सूत्रसंचालन काकांकडे होतं. त्यांनी माइकवर हात ठेवून बाबांच्या कानात सांगितलं, पण हात नीट बसला नाही आणि ‘आटपा आता, जेवण गार होतंय’ हे अख्ख्या हॉलने ऐकलं. हशा पिकला. बाबांनी आटपलं नाहीच, उलट आणखी बराच वेळ ते हट्टाने बोलत राहिले. त्या दिवसापासून जिन्यात समोर आले तरी साधा ‘जय भीम’ नाही. काही निरोप असला तर आईकडून काकूंना आणि काकूंकडून काकांना. एवढ्याशा गोष्टीपायी इतकी वर्षं! मला आजही राग येतो.

तर त्या जानेवारीच्या सकाळी बाबा इस्त्रीची पँट आणि लग्नकार्यातला कोट घालून खाली उतरले. धुकं इतकं की कॉलनीचं फाटक दिसत नव्हतं. मला त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः बॉनेट उघडून उभे राहिले. मी किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. समोरचे दिवे लागले तेही हळदीच्या पाण्यासारखे पिवळे, आणि हॉर्न कण्हल्यासारखा वाजला.

“बाबा, बॅटरी उतरलीये,” मी म्हटलं.

“तसं एकदम ठरवायचं नसतं.”

बॅटरी उतरली असेल तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल जोडून चालू करावी लागते, आणि आमच्या जिन्यात तशी केबल एकट्या काकांकडे होती. त्यामुळे बॅटरी सोडून बाकी सगळं तपासणं बाबांना भाग होतं. त्यांनी पेट्रोलचा पाइप चाचपला. प्लग काढून पॉलिश पेपरने घासले. बॅटरीच्या टोकांवर पांढरट हिरवा थर साचला होता, तो आईने किटलीतून आणलेल्या गरम पाण्याने धुतला. त्या वेळी जरा आशा वाटली. मी किल्ली फिरवली. टक.

“अहो, विचारा ना त्यांना,” आई हळूच म्हणाली.

“आज निघायच्या घाईत असतील ते. कशाला त्रास.”

तेवढ्यात काकाच खाली आले. टॅक्सी आली का बघायला आले असावेत. त्यांनी उघडं बॉनेट पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि तसेच वर गेले. परत आले ते केबल घेऊन. त्यांची गाडी विकली गेली होती, नवा मालक ती संध्याकाळी न्यायला येणार होता. तीच त्यांनी आमच्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभी केली.

“लाल आधी,” केबलचा चिमटा पुढे करत काका म्हणाले.

“हं,” बाबा म्हणाले.

इतक्या वर्षांनंतरचं हे त्यांचं पहिलं संभाषण. आईने खिडकीतून माझा दंड घट्ट धरला होता.

“ऑफिसला उशीर होतोय ना?” काकांनी विचारलं.

आता. आता म्हणा, बाबा. तुमच्यासाठीच काढत होतो गाडी, म्हणा. बाबांनी काळे हात एकमेकांवर चोळले आणि म्हणाले, “हो, जरा.”

मी किल्ली फिरवली आणि इंजिन घरघरून सुरू झालं. काकांनी चिमटे काढले. “आता बंद करू नका. अर्धा तास चालवा, तेव्हा बॅटरी धरेल. सिग्नललाही बंद करू नका.”

ऑफिसला जातो म्हटल्यावर जाणं आलंच. बाबा गाडी चालवायला बसले, मी शेजारी. धुक्यात रांगत आम्ही मुनिरक्यापर्यंत गेलो. तिथे बाबा एकदम म्हणाले, “परत गेलो की म्हणतो त्यांना, चला, सोडतो.”

“मग वळवा ना आत्ताच!”

“अर्धा तास म्हणाले ना ते.”

काकांचं न ऐकण्यात ज्यांची उमर गेली, त्या माणसाने त्या दिवशी त्यांचा शब्दन् शब्द पाळला. मी घड्याळ दाखवत राहिले आणि बाबा गाडी तापवत राहिले. येताना जाम लागला. सगळ्या गाड्या उभ्या, आमचं इंजिन आपलं चालू.

घरी पोचलो तर समोरच्या दाराला कुलूप होतं. बाबा गाडी चालूच ठेवून जिना चढले होते. खाली आले, सीटवर बसून गाडी बंद केली. मग उगाच किल्ली फिरवून पाहिली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

“चला, स्टेशनवर जाऊ. ट्रेन सुटली नसेल,” त्यांच्यामागून उतरलेली आई म्हणाली.

“चलो, राहू दे आता. सुटली असेल.”

संध्याकाळी काकूंचा आईला फोन आला. धुक्यामुळे ट्रेन दुपार उलटल्यावर सुटली होती. तोवर दोघं प्लॅटफॉर्मवर बॅगांवर बसून होते. आईचा चेहरा पडला. मग तिने फोनवर हात ठेवला आणि बाबांकडे वळली.

“ते विचारतायत, सकाळी गाडी वाटेत कुठे बंद नाही ना पडली?”

बाबा खिडकीशी उभे होते. खाली आमची गाडी रिकाम्या डिकीनिशी उभी होती. आई फोन त्यांच्यापुढे धरून थांबली. त्यांनी तो घेतला नाही.

“सांग त्यांना,” बाबा म्हणाले, “ते म्हणाले तसंच केलं. कुठेच थांबलो नाही.”