उजेड दिसतो का?

मावशींचा फोन आला तेव्हा मी खानवेलच्या एटीएमसमोर गाडी उभी करून बसलो होतो. "संजू, आबा गेले रे... सकाळी चहा मागितला आणि पिता पिता गेले." मी नुसतं "बरं" म्हणालो. बरं काय, माझं डोंबल! पण तोंडातून तेवढंच निघालं. पैशांची पेटी घेऊन पेटीवाले आत गेलेले, ड्रायव्हरने गाडी सोडून उतरायचं नसतं. तिथेच स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडलो. त्याला आता महिना होऊन गेला.

हिरामण आबा आमच्या कॅश व्हॅनचे गनमन आणि मी ड्रायव्हर; मावशी म्हणजे त्यांची बायको. दोघंही धुळ्याकडचे, पोटासाठी सिल्वासात आलेले. बंदूक त्यांची स्वतःची, परवान्याची जुनी दुनाळी. आमच्या धंद्यात गनमनला नोकरी मिळते ती त्याच्या बंदुकीमुळेच. शेजारच्या सीटवर ती दोन गुडघ्यांत उभी धरून बसायचे, नळ्या छताकडे, दस्त्याखाली घडी घातलेला पंचा. मी चिडवायचो, "आबा, मावशींना कधी एवढं जपलंत का?" तर म्हणायचे, "ती मला जपते भो. हिला मात्र मलाच जपावं लागतं."

थांबा आला की बंदुकीत दोन काडतुसं भरून उतरायचं आणि परत चढण्याआधी ती काढायची. काढून झाली की आबा माझ्या खिडकीपाशी येत, उघडलेली बंदूक आभाळाकडे धरत आणि विचारत, "बघ रे, उजेड दिसतो का?" मी मागून एकेका नळीला डोळा लावायचा, पलीकडे आभाळाचा गोल तुकडा दिसला की "दिसतो" म्हणायचं. मगच त्यांचं पाऊल गाडीत पडायचं. दिवसातून पंधरा-वीस वेळा हेच! वैतागून एकदा म्हणालो, "तुमचे डोळे काय गावी विसरलात?" त्यांनी आधी मागे पाहिलं, मग हळूच सांगितलं, "मोतीबिंदू आहे. ऑफिसात कळलं तर घरी बसवतील... तुझे डोळे आहेत ना." त्यानंतर मी कधी कुरकुर केली नाही. खरं सांगतो, मला त्याचा थोडा अभिमानच वाटायचा.

आणि तरीही एके दिवशी राखोलीच्या थांब्यावर माझ्या कानाला फोन होता. घरून गॅस सिलिंडरवरून बोलणी चाललेली. आबांनी विचारलं, मी मान न वळवता "दिसतो" म्हणालो. दमट हवेनं फुगलेलं एक काडतूस नळीतच अडकून राहिलं होतं. पुढच्या गतिरोधकावर गाडी आदळली आणि जुनाट घोडा सुटला... केबिनभर धूर, कानात नुसती शिटी, छताला भोक. नशीब, कुणाला खरचटलंही नाही. आबा मात्र माझं डोकं, मान, खांदे चाचपत होते. "लागलं का तुला? संजू, बोल ना, लागलं का?"

ऑफिसात साहेबांनी विचारायच्या आत आबाच म्हणाले, "काडतूस काढायचं राहिलं. बंदूक माझी, चूक माझी." साहेबांनी तसं कागदावर लिहून घेतलं. आणि मी? मी माझ्या चपलांकडे बघत उभा होतो. दोन मुलींची शाळा, घरभाडं... कारणं काय, हवी तेवढी सापडतात. बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली आणि आबांची नोकरी सुटली. कुणी बंदुकीचं विचारलं की म्हणायचे, "माहेरी गेलीय." ती शेवटपर्यंत परत आली नाही.

रिकामपणात त्यांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाल्यावर मला न्याहाळून म्हणाले, "अरेच्चा, तू इतका काळा आहेस होय!" मग राखोलीच्याच एका कारखान्याच्या फाटकावर काठी घेऊन उभे राहू लागले. ज्या माणसानं बंदुकीला पंचा अंथरला, त्याच्या हातात काठी... मी तिथून जाताना हॉर्नसुद्धा द्यायचो नाही, इतकी लाज वाटायची.

शेवटचे भेटले ते आमलीतल्या त्यांच्या खोलीत. मी कसंबसं बोललो, "आबा, ऑफिसात सांगून टाकतो. मी न बघताच दिसतो म्हणालो होतो." ते शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "माहीत आहे. तू वाकलाच नव्हतास. तेवढं मला दिसत होतं."

"मग चढलात कशाला?"

"तू दिसतो म्हणालास ना." सोललेले दाणे त्यांनी माझ्या हातावर ठेवले. "खा. आणि सांगत बसू नकोस, पोरी शिकतायत."

परवा नवीन गनमन आला. त्याचीही दुनाळीच. पहिल्या थांब्यावरून परतल्यावर मी दार लावून घेतलं आणि म्हणालो, "उघडून दाखव." तो हसला. "रिकामी आहे भाई, बोललो ना." "तू बोललास, मी बघितलं नाही," म्हणालो. पेटीवाले ओरडायला लागले. ओरडू देत! शेवटी त्यानं चरफडत बंदूक उघडून धरली. मी वाकलो, आधी एका नळीला डोळा लावला, मग दुसरीला. दोन्हीत आभाळ होतं.

"दिसतो, आबा," माझ्या तोंडून गेलं.

"कोण आबा?" त्यानं विचारलं.

मी त्याला आत बसवलं, छताचं बुजवलेलं भोक दाखवलं आणि ते कुणामुळे पडलं ते सांगितलं. साहेबांच्या त्या कागदावर अजून आबांचंच नाव होतं. संध्याकाळी ऑफिसात जाऊन तिथे माझं लिहून आलो.