बुरुलचाचे चौकोन

गावभर गरम पाणी पाठवून घरं उबदार ठेवणाऱ्या आमच्या बॉयलरघरातली बुरुलचा या वसंतात सरोवराकाठी नवऱ्याकडे राहायला जाणार होती. ती गेली नाही. का गेली नाही, ते जमेल तसं सांगतो. संगणकातलं मला फार कळत नाही. निवृत्त झाल्यावरही मी तिथे चहाला जातो, कारण नारीन शहराच्या वर, डोंगरातल्या आमच्या गावात हिवाळ्यात खरी ऊब तेवढी एकाच जागी असते. म्हणून बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, एवढंच.

बुरुलचा आधी पंपांवर होती. नवे बॉयलर आले तेव्हा त्यांच्याबरोबर संगणक आला, आणि ते शिकवायला आलेला माणूस दोन दिवसांत वैतागून परत गेला. त्या संगणकात काही लिहायचं नसे. पडद्यावर चौकोन ठेवायचे आणि ते तारांनी जोडायचे. एक चौकोन म्हणजे पाण्याचं तापमान, एक म्हणजे आग फुलवणारा पंखा, एक म्हणजे पंप. आमचे शिकलेले लोक त्याकडे बघत बसले आणि बुरुलचाने माउस हातात घेतला.

"पाणी कुठून कुठे जातं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "इथे तेच तर काढायचंय."

तिने काढलं, आणि ते चाललं. तारेवर आकडा जिवंत हलायचा. पाणी तापलं की समोर दिसायचं, पंखा थांबला की चौकोन करडा व्हायचा. मलासुद्धा कळायचं, म्हणजे बघा.

पण गाव गप्प बसत नाही. शाळा गार पडते, म्हणून एक चौकोन. दवाखान्यात उकडतं, म्हणून दुसरा. घाटावरून वारा सुटला की वरची आळी गारठते, म्हणून आणखी तीन. जुनं काढायची भीती, म्हणून ती नवं जोडत गेली. शेवटी चित्र पडद्यात मावेना. तिला ते सरकवत सरकवत बघावं लागे, आणि तारा एकमेकींवरून अशा गेल्या होत्या की एक धरून शेवटपर्यंत जाता येत नसे.

मी एकदा म्हटलं, "बुरुलचा, हे लगमान झालंय. नुसत्या शेवया."

"मग खाऊ नका, बायके," ती म्हणाली, थोरल्या भावाला आमच्याकडे असंच म्हणतात, आणि तिने माझ्या वाटीत चहा ओतला.

तिचा नवरा झापार सरोवराकाठच्या तोसोरला वडिलांच्या घरी राहायला गेला होता, जर्दाळूची झाडं सांभाळायला. ती उन्हाळ्यात जायची, पण तिथेही फोन वाजायचा. थंडी सुरू झाली की परत. गुडघे दुखत होते, आणि झापारही एकटा कंटाळला होता. बॉयलरघराचा संचालक तेमिरकुल थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "एजे, तुम्हाला फोन न करता दुसरा कुणी आठवडाभर हे चालवून दाखवू दे. मग खुशाल जा."

तिची जागा घ्यायला राजधानीतून, बिश्केकहून, मेलिस आला. चाळिशीचा, शांत, प्रोग्राम ओळींत लिहिणारा माणूस. त्याने पडदा बघितला आणि डोकं खाजवलं.

"एजे, यात शोधायचं कसं? ओळी असत्या तर कालचं आणि आजचं शेजारी ठेवून काय बदललं ते दिसलं असतं."

"तुझ्या ओळी मला वाचता आल्या असत्या का? आणि ओळींत पाणी वाहताना दिसतं का रे?"

"दिसत नाही," तो म्हणाला. "ते मात्र खरंय. लहान चित्र असतं तर मीही हेच घेतलं असतं."

मेलिस सोमवारपासून एकटा बसणार होता. रविवारी बुरुलचाने चित्र आवरायला घेतलं. पाहुणा येणार म्हणजे घर नीट हवं, तसंच. तिने एकही तार तोडली नाही, एकही नवी जोडली नाही. फक्त चौकोन सरकवून रांगा केल्या. आमच्याकडे दारासमोरची, सगळ्यांत आतली जागा मानाची. तिला तोर म्हणतात. वडीलधारा तिथे बसतो, आणि आधी तोच बोलतो. पाणी उकळायला लागलं की पंखा बंद करणारा चौकोन खाली कोपऱ्यात पडला होता. तो तिने उचलून सगळ्यांत वर ठेवला.

"हा सगळ्यांचा जीव वाचवतो," ती मला म्हणाली. "याला दाराशी कशाला बसवायचं?"

मला ते पटलं. चित्र खरोखर सुंदर दिसत होतं.

सोमवारी दुपारी पाणी तापत गेलं आणि पंखा थांबेना. बॉयलर गुरगुरू लागला. छतावरची झडप उघडली, वाफेचा असा आवाज झाला की रस्त्यावरचे घोडे उधळले. मेलिसने धावत जाऊन पंख्याची वीज हाताने तोडली. कुणाला काही झालं नाही. गाव संध्याकाळपर्यंत गार राहिलं.

बुरुलचा घरच्या चपलांवरच धावत आली. मेलिसने तोवर शोधून काढलं होतं.

"हा प्रोग्राम चौकोन वरून खाली घेतो, एजे. वरचा आधी, खालचा नंतर. तुमचा चौकोन म्हणाला, पंखा बंद. नंतर खालचा एक म्हणाला, चालू. जो शेवटी बोलतो त्याचंच हा ऐकतो."

"म्हणजे माझ्या तारा चुकल्या नव्हत्या?"

"तारा बरोबर होत्या. जागा बदलली."

"जागेनं फरक पडतो, हे इथे कुठं दिसतं?"

"नाही दिसत," मेलिस म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता.

तेमिरकुलने जुनी जतन केलेली प्रत परत लावायला सांगितली. मेलिस म्हणाला, उन्हाळ्यात मी सगळं नव्याने लिहितो, फक्त एजेंनी एकेक चौकोन कशासाठी आहे ते सांगावं. ते बसले. मीही बसलो. थोडं बरं चाललं. मग त्याने एका चौकोनावर बोट ठेवलं.

"हा कशाला?"

"तो काढू नकोस."

"काढत नाही, एजे. विचारतोय."

बुरुलचाने पडद्यावर त्याची तार बोटाने धरली आणि मध्येच सोडून दिली. "आठवत नाही," ती म्हणाली. "तो नसला की काहीतरी बिघडतं."

पुढचाही आठवेना. त्याच्या पुढचाही. तेमिरकुल दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "झालं तर मग. जसं आहे तसं राहू दे. चौकोनाला कुणी हात लावायचा नाही. एजे, तुम्ही इथेच बसा."

"मलाही ठाऊक नाही, तर मी बसून काय करू?"

"तुम्ही असलात की ते चालतं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मेलिस बिश्केकला गेला.

झापारला कळवायला उशीर झाला. तो दोलोन घाट ओलांडून मागून आणलेली गाडी घेऊन आला तेव्हा तिचं सामान जिन्याखाली बांधून पडलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, तंबाखू थुंकला, आणि एकेक गाठोडं पुन्हा वर न्यायला लागला. भांडी नेली, शिवणयंत्र नेलं. मी दिवा उचलला.

बुरुलचाने खिडकीतून हाक मारली.

"गाद्या वर आणू नका! तिकडेच घेऊन जा."

"आणि तू कशावर झोपशील?"

"माझं मी बघीन. तुम्ही घाटावर पुन्हा बर्फ पडायच्या आत निघा."

झापार गाद्या घेऊन गेला. ती तेव्हाच बॉयलरघराकडे निघाली होती, कारण फोन वाजला होता. शाळा गार पडली होती.