पौंड पडला तेव्हा

माझा नातू बँकेत आहे. म्हणतो, "आजी, डॉलर काही पडत नाही, अख्खं जग त्यावर चाललंय." हेच मी पौंडाबद्दल ऐकलं आहे, कलकत्त्यात, खिदिरपूरच्या आमच्या दोन खोल्यांत.

हे गोदीतल्या एका इंग्रजी जहाज कंपनीत कारकून होते. देवावर नसेल इतकी त्यांची पौंडावर श्रद्धा. मी चौथी शिकलेली. मला सातवा महिना होता आणि भीती एकच होती. पहिलं मूल घरी झालं, आडवं आलं. ते गेलं, मी कशीबशी राहिले. या खेपेला इस्पितळात जायचं ठरलं होतं. त्यासाठी चार गिन्न्या ठेवल्या होत्या. सासऱ्यांना नोकरी सुटताना साहेबाने दिलेल्या, सोन्याच्या, इंग्लंडच्या राजाचं तोंड असलेल्या.

एकोणपन्नास साली, दुर्गापूजेच्या आधी, एकदा हे भर दुपारी घरी आले. चेहरा पांढरा.

"पौंड पडला. लंडनने स्वतःच किंमत उतरवली. मागोमाग आपल्या सरकारने रुपयाची. गिन्न्या काढ, आजच विकायच्या."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "अरे, सोनं आहे ते. त्यावर गाढवाचं तोंड असतं तरी सोनंच."

"आई, गिन्नी म्हणजे पौंडच. पौंड बुडाला की तीही बुडाली."

"आणि रुपयाही उतरला म्हणतोस ना? मग रुपये आणून काय करणार, लोणचं घालणार?"

"तुला यातलं कळत नाही."

कोणाचं खरं, मला कळेना. ह्यांचं खरं असेल तर उद्यापर्यंत गिन्न्यांची माती. सासूबाईंचं खरं असेल तर विकल्यावर माती. दोन्हीकडून इस्पितळ जाणार. मी हट्टाने बरोबर गेले.

बऊबाजारात सोनाराकडे ह्यांच्यासारखेच तीन-चार बाबू घाम पुसत उभे होते. सोनाराने गिन्न्या कसोटीवर घासल्या आणि कालचाच भाव दिला, घासाघीस न करता. वर बंगालीत म्हणाला, "बाबू, आणखी असतील तर आणा."

बुडता माल कोणता दुकानदार मागून घेतो? मी ह्यांना कोपराने ढोसलं.

"गप्प उभी राहा," हे म्हणाले.

सोनं उतरलं नाही, चढलं. पाकिस्तानने आपला रुपया उतरवला नव्हता. पूर्व बंगालातला ताग इथल्या गिरण्यांना महाग झाला आणि यायचा थांबला. गोदीत काम उरलं नाही, कंपनीने ह्यांचा पगार अर्धा केला. गिन्न्यांचे रुपये भाड्यात आणि तांदळात गेले. मी पैशांचा डबा उघडून बघायची. पुढे बघणंच सोडलं.

कळा सुरू झाल्या तेव्हा आली ती पहिल्या वेळचीच दाई. तिला बघून मला ओरडायचं होतं.

"घाबरू नकोस, मी आहे," सासूबाई म्हणाल्या. गेल्या वेळीही त्या होत्याच. मी त्यांचं मनगट असं धरलं की वळ उठले.

मुलगी झाली. डोकं खाली होतं म्हणून ती वाचली, मीही वाचले. त्याचं श्रेय कुणालाच नाही.

हे दाराबाहेरून विचारत होते, "दोघी आहेत ना?"

"आहेत," सासूबाई ओरडल्या, "तुझी अक्कल असूनही."

त्यानंतर मी मूल होऊ दिलं नाही. ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.