प्रेमिलाच्या कॅनव्हासवरची सासू

नर्सची नोकरी संपली आणि मनीषनगरच्या प्रेमिला रामटेकेंनी घराजवळच्या चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारी रितिका त्यांच्या मुलीच्या वयाची. तिनं पहिल्याच दिवशी एका जुन्या तैलचित्राची मोठी छापील प्रत पुढ्यात ठेवली. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीची कोणी सरदारीण, डोईवर पदर, गळाभर मोती.

"हिची नक्कल करायची, काकू. जुन्या माणसाचा हात कसा चालला ते त्यातूनच कळतं."

आधी पातळ तपकिरी रंगात सावल्या, त्या वाळल्या की वर त्वचेचे रंग. प्रेमिलाताई घरीही तासन्‌तास बसायच्या. पण चेहरा काही त्या सरदारणीचा होईना. पुसला, पुन्हा काढला. पुन्हा तीच पुढे आलेली हनुवटी, तीच जराशी मिटलेली डावी पापणी.

एका दुपारी सासूबाई, कौशल्याबाई, मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काहून वं, हे तं मी आहे! पण इतके दागिने मले केले कोणी?"

प्रेमिलाताई हसता हसता खुर्चीवरून घसरायच्या बाकी होत्या. तीस वर्षं रोज पाहिलेला चेहरा बोटांत बसला होता!

वर्गात हे ऐकून रितिकालाही हसू आवरेना. तिनं मूळ प्रत आणि कॅनव्हास दोन्ही उलटे टांगले. "आता नाक, डोळा विसरा. नुसते उजेडाचे नि सावलीचे तुकडे बघा."

तसं केलं आणि हात सुटला. चित्र सुलटं केलं तेव्हा सरदारीण शांतपणे समोर बघत होती.

कौशल्याबाईंना मात्र ते पटलं नाही. "ही कोण बया? पहिली बरी होती."

"मग तुम्हीच बसा न, आई!"

त्या बसल्या. एका जागी मात्र नाही. मध्येच उठून कुकर बघायच्या, खिडकीतून शेजारणीशी बोलायच्या, "झालं का वं?" विचारायच्या. प्रेमिलाताई तेवढ्यात जमेल तितकं टिपून घ्यायच्या. सावलीत थोडा हिरवा मिसळायचा, कपाळावरचा उजेड जाड रंगानं ठेवायचा, हे सगळं नकलेनं शिकवलेलं आता कामी येत होतं.

वर्गाचं प्रदर्शन भरलं तेव्हा कौशल्याबाई इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून आपल्या चित्राशेजारी दिवसभर उभ्या होत्या. येईल त्याला थांबवून म्हणायच्या, "माह्या सुनेनं काढलं. जवळून पाहा न गा, भेता काहून?"