सुलभाबाईंची मनाई

उज्जैनच्या सुलभा पागनीस गाडी चालवायला शिकल्या तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न होतं, आणि नानाखेड्याच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं चौथ्याच दिवशी त्यांच्यापुढे हात जोडले होते. "आंटीजी, ये गाड़ी है, आपकी क्लास नहीं," तो म्हणाला, कारण क्लचवर पाय ठेवून बाई उलट त्यालाच दटावायच्या. सरकारी कन्याशाळेत जन्मभर भूगोल शिकवलेली बाई ती! एकदा मनानं घेतलं की प्रत्यक्ष महाकाल आडवा आला तरी ऐकणार नाही. शिकल्या, लायसन्स काढलं, आणि घरातल्या गाडीची चावी स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

कारणही तसंच होतं. नवरा अरविंदराव, वीज मंडळातून रिटायर झालेले, आवाज न चढवणारे गृहस्थ. मागल्या फेब्रुवारीत टावर चौकात, ऐन संध्याकाळच्या गर्दीत, गाडी चालवता चालवताच त्यांच्या छातीत कळ आली. गाडी रस्त्याच्या मधोमध, मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि शेजारी बसलेल्या सुलभाबाईंना हँडब्रेक कुठला हेसुद्धा माहीत नाही. चार पोरांनी गाडी ढकलून कडेला लावली, कुणीतरी अरविंदरावांना ऑटोत घातलं. पुढे इंदूरला बायपास झाली. माणूस वाचला, देवाची कृपा. पण बाईंच्या मनातला तो चौक काही रिकामा होईना.

आता खरी गोष्ट सांगायची तर ती ऑगस्टमधली. तपासणीला गेले होते. अरविंदराव आतल्या खोलीत शर्टाची बटणं लावत होते, तेवढ्यात डॉक्टर सुलभाबाईंना म्हणाले, "एकदम फिट हैं। गाड़ी चलाएँ, सीढ़ियाँ चढ़ें, घूमें-फिरें। अब मरीज़ मत बनाइए इन्हें।" बाईंनी मान डोलावली. नवरा बाहेर आला, "काय म्हणाले गं?" म्हणून त्यानं विचारलं, आणि बाईंच्या तोंडून एकदम निघालं, "म्हणाले, वर्षभर गाडीला हात लावायचा नाही. वजन उचलायचं नाही. दगदग बिलकुल नाही."

असं खोटं त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या. दिवाळी झाली की सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. दिवाळी झाली. मग संक्रांत झाली की सांगू. खोटं जुनं होत गेलं तसं सांगणं आणखी अवघड होऊन बसलं. चौतीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं त्यांच्यापासून साधी सिनेमाची गोष्ट लपवली नव्हती. त्याला कळलं तर तो आपल्याकडे कसा बघेल? आणि सांगून टाकलं, त्यानं चावी घेतली, आणि पुन्हा कुठल्या चौकात काही झालं तर?

तर असं हे जोडपं जानेवारीत कोकणात निघालं. अरविंदरावांची जुनी हौस. "रिटायर झालो की समुद्राच्या कडेकडेनं जायचं. सावकाश. कुठं पोहोचायची घाई नाही." बाई हो म्हणाल्या, पण गाडी त्याच चालवणार, या अटीवर. पुण्यात मुलीकडे, ऋचाकडे, दोन दिवस राहिले, घाट उतरले आणि किनाऱ्याच्या रस्त्याला लागले.

सावकाश तर इतकं सावकाश, की मागून येणारी एसटी हॉर्न वाजवून वाजवून थकायची. एका बाजूला जांभ्या दगडाचा उभा कडा, दुसऱ्या बाजूला दाट झाडी, आणि झाडीच्या खाली, खोल खाली, खडकांवर आपटणारं पाणी. वळण संपलं की पुढचं वळण. फोनला रेंज नाही. अरविंदराव काच खाली करून लहान मुलासारखे बघत होते. बाईंची मात्र मान ताठ, दर दोन मिनिटांनी डावीकडे नजर. श्वास नीट चाललाय ना? हात छातीकडे का गेला? बरं, खिशातला चष्मा काढत होते.

"सुलू, समोर बघ गं."

"तुम्ही बोलू नका. दम लागतो."

"बोलायलाही डॉक्टरांनी मनाई केलीय का?" अरविंदराव म्हणाले. बाईंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं, पण ते खिडकीबाहेर बघत होते.

रत्नागिरीच्या अलीकडे एक लांब, सरळ पठार लागलं. चिटपाखरू नाही. "इथं जरा मी घेऊ का?" त्यांनी विचारलं. "रस्ता तर मोकळा आहे."

"अहो, मनाई केलीय ना डॉक्टरांनी! फालतूमध्ये जिद्द करू नका." बाईंचा आवाज नको तितका चढला. त्यांनी मान हलवून पुन्हा खिडकीबाहेर नजर वळवली, आणि बाईंचा जीव अर्धा झाला. आज रात्री सांगून टाकू, त्यांनी मनाशी घोकलं. मुक्कामाला पोहोचलो, जेवणं झाली, की सांगू.

पठार संपलं, रस्ता झाडीतून खाली उतरला, आणि एका वळणावर सुरूच्या झाडांतून वाट थेट वाळूवर गेलेली दिसली. दोन्हीकडे कडे, मध्ये छोटीशी पुळण, लांब एक होडी वाळूवर ओढलेली. ओली वाळू सिमेंटसारखी कडक. बाईंनी सरळ गाडी आत घातली. उज्जैनचा माणूस, त्यात विचार काय करायचा? मेळ्याला शिप्रेच्या काठी रेतीतच तर गाड्या लागतात. नदी काय, पावसाळ्यात चढते, आणि चढायच्या आधी पेपरात छापून येतं.

आणि ही बाई तीस वर्षं फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढून 'ज्वार-भाटा', म्हणजे भरती-ओहोटीच, शिकवत होती बरं का! आकृतीला नावं दिली नाहीत तर मुलींचे मार्क कापायची.

दोघं लांब खडकावर जाऊन बसले. डब्यातल्या पुऱ्या खाल्ल्या. अरविंदराव पाण्यात पाय सोडून बसले, बाई त्यांच्या पायांकडे बघत बसल्या, सूज तर नाही ना. मग मागून कुणाची तरी हाक आली, "ओ काकी! गाडी! गाडी बघा तुमची!"

वळून बघतात तर मघाची ओली वाळू कुठं उरलीच नव्हती. लाटेचा फेस चाकांना चाटून जात होता. बाई धावल्या. गाडी चालू केली, भराभरा वळवली, तोंड झाडांकडे केलं आणि जोरात रेस दिली. पण वरची वाळू कोरडी, भुसभुशीत. पुढची चाकं गरगर फिरली आणि खाली बसली. पुन्हा रेस. आणखी खाली.

हाक मारणारा विनायक नावाचा होडीवाला होता. तो आणि त्याचे तीन साथीदार पळत आले. नंबर प्लेटवरचं एमपी तेरा बघून त्यानं हिंदीत सुरुवात केली, "मॅडम, ये टाइम भरती का है," आणि बाईंनी रडवेल्या मराठीत "मला माहीत आहे हो भरती!" म्हटल्यावर तोही मराठीवर आला. त्यांनी नारळाच्या झावळ्या आणून चाकांखाली घातल्या. चौघं मागे उभे राहिले, पाण्यात. "काकी, हळूच. रेस देऊ नका."

पण घाबरलेल्या माणसाचा पाय हळू पडतो का कधी? इंजिन किंचाळलं, झावळ्या मागे उडाल्या, चाकं आणखी रुतली. मागून मोठी लाट आली आणि डिकीवर फुटली. बाईंनी आरशात बघितलं. चौघांच्या मध्ये पाचवा माणूस उभा होता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली, दोन्ही तळवे डिकीला टेकलेले, मान खाली घालून जोर लावत होता.

त्या दार उघडून पाण्यात उतरल्या. "अहो! व्हा बाजूला! वेड लागलंय का?"

"चौघांनी होत नाहीये, सुलू." त्यांना धाप लागली होती.

"धक्का मारायचा नाही तुम्ही! डॉक्टरांनी—"

"डॉक्टरांनी गाडी चालवायचीही मनाई केलीय," अरविंदराव शांतपणे म्हणाले. "मग मी काय करू? उभा राहून बघू?"

विनायकनं हे ऐकलं. "काका गाडी चालवतात? मग बसवा की त्यांना पुढे! काकींच्या पायाखाली गाडी विहीर खणतेय. आणखी दोन लाटा आल्या की इंजिनात पाणी जाणार, मग देवसुद्धा काढायचा नाही."

"बसा तुम्ही पुढे," बाई म्हणाल्या. "बसा ना! एवढ्यापुरतं."

"मनाई असताना? नको गं. बसल्या जागी काही झालं तर जन्मभर स्वतःला दोष देशील." आणि त्या माणसानं पुन्हा वाकून डिकीला हात लावले. त्यांच्या मानेची शीर फुगली होती. कपाळावर पाण्याचे थेंब होते, समुद्राचे की घामाचे, कळत नव्हतं. पुढची लाट लांबून उचलून येताना दिसत होती.

बाईंनी त्यांचा दंड पकडला आणि ओढला. "नाहीये मनाई!" त्या ओरडल्या. "कधीच नव्हती! डॉक्टर म्हणाले होते, सगळं करू द्या यांना. मी खोटं बोलले. ऑगस्टपासून खोटं बोलतेय मी तुमच्याशी. ऐकलंत? आता तरी व्हा तिथून, हात जोडते!"

चार परके पुरुष, गुडघाभर पाण्यात, एकमेकांकडे बघायला लागले. अरविंदराव सरळ झाले. त्यांनी बायकोकडे बघितलं. रागानं नाही, आश्चर्यानंही नाही. काय होतं त्या नजरेत, ते बाईंना समजलं नाही आणि समजून घ्यायला वेळही नव्हता. ते चालत पुढे गेले, दार ओढून बसले.

त्यांच्या जागी बाई उभ्या राहिल्या. पदर खोचला, दोन्ही हात डिकीला लावले. विनायकनं "हं!" केलं. इंजिन या वेळी किंचाळलं नाही, नुसतं घुमलं. गाडी जरा मागे आली, परत पुढे, परत मागे, आणि मग झावळ्यांवर चढली. "मारा जोर! मारा!" बाईंनी सगळा देह लोटला. गाडी सुटली आणि बाई तोंडावर वाळूत पडल्या. लाट त्यांच्या पाठीवरून गेली. नाकातोंडात खारं पाणी, डोळ्यांत वाळू. कशाबशा उठून बघतात तर गाडी थांबलीच नाही. सरळ वर गेली, सुरूच्या झाडांआड दिसेनाशी झाली.

मग आवाजही बंद झाला.

"अहो!" बाईंनी हाक मारली. उत्तर नाही. गेला असेल का चिडून? चिडून गेला तर जाऊ दे, पण गाडीचा आवाज का थांबला? भिजलेली साडी पायात अडकत होती, चप्पल केव्हाच पाण्यात गेली होती. अनवाणी, खडे टोचत, बाई झाडांतून धावल्या. वाटेत त्यांनी कुठल्या कुठल्या देवांना काय काय कबूल केलं, ते त्यांनाही आठवणार नाही.

गाडी वरच्या डांबरी रस्त्याच्या कडेला उभी होती. अरविंदराव स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते, मान मागे टेकलेली, डोळे मिटलेले.

बाईंनी काचेवर मुठी मारल्या.

त्यांनी डोळे उघडले. "अगं हो, हो. धाप लागलीय जरा. लागणारच ना, साठी उलटली माझी. बस आत."

बाई सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशीच उभ्या होत्या. मग वळसा घालून डाव्या सीटवर येऊन बसल्या. साडीचं पाणी सीटवर, खाली मॅटवर गळत होतं. खालून विनायक आणि त्याच्या लोकांचं हसणं ऐकू येत होतं.

"बोला काय ते," बाई म्हणाल्या. "शिव्या द्या. पण बोला."

"मला माहीत होतं, सुलू."

"काय माहीत होतं?"

"दसऱ्याच्या आधीच कळलं होतं. मी डॉक्टरांना फोन केला होता, पोह्यांवर शेव चालेल का म्हणून विचारायला. ते म्हणाले, अरे भई, सेव थोड़ी कम खाओ, बाकी सब करो, गाड़ी चलाओ। भाभीजी ने नहीं बताया?"

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "आणि इतके महिने तुम्ही... मला सगळ्यांसमोर ओरडायला लावलंत! मघाशी पाण्यात मेला असतात म्हणजे? बोलला का नाहीत?"

अरविंदरावांनी रुमाल काढून बाईंच्या गालावरची वाळू पुसली. "रोज रात्री तू उठून माझ्या नाकापाशी बोट धरतेस. मी जागा असतो गं. मला वाटायचं, मी चावी मागितली तर हिचाच श्वास थांबेल." त्यांनी रुमाल झटकला. "मी तर तेव्हाच बरा झालो होतो. तू बरी व्हायची होतीस. म्हटलं, वाट बघू."

मग मात्र सुलभाबाई रडल्या. चांगल्या हमसून हमसून, टावर चौकात रडायचं राहून गेलं होतं तेवढं सगळं. मध्येच त्यांनी नवऱ्याच्या दंडावर एक चापट मारली, "दुष्ट आहात तुम्ही," म्हणाल्या, आणि परत रडल्या.

रडणं ओसरल्यावर अरविंदराव दाराकडे हात नेत म्हणाले, "येतेस इकडे? मी उतरतो."

बाईंनी डोळे पुसले. उजवीकडे झाडांच्या फटीतून खालची पुळण दिसत होती. जिथं गाडी उभी होती तिथं आता नुसतं पाणी होतं. भीती कुठं गेली नव्हती, जाणारही नव्हती इतक्यात.

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्हीच चालवा."