गोठ्यात ठेवलेली फिल्म

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाराव्याला तिची सासू येणाऱ्या प्रत्येक बाईला एकच गोष्ट सांगत होती. "त्या मशिनीत घातली आनी रोग सांध्यात गेलो. तोवर हाडातच आसलो." बायका मान हलवत आणि माझ्याकडे बघत, कारण त्या तपासणीचा आग्रह धरणारी मी. मी डिचोलीला वाचनालयात काम करते. पुस्तकं वाचणाऱ्या मोठ्या बहिणीने धाकटीच्या सासरी, हळर्णच्या घरात ढवळाढवळ केली, असं तिथे पहिल्यापासून मानतात. मला समोरासमोर वाद घालता येत नाही. मी सावकाश लिहिते, म्हणून इथे लिहिते.

बहिणीच्या गुडघ्याच्या वर दुखायला लागलं तेव्हा सासूने गावातल्या एका माणसाला बोलावून तेलाने पाय चोळून घेतला. चोळल्यावर बहीण कण्हायची. सासू म्हणायची, कण्हते आहे म्हणजे तेल आत पोचतं आहे. सूज वाढली तेव्हा मीच तिला पणजीला नेलं. एक्स-रे झाला, सुई घालून तुकडा काढला, आणि मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी बहिणीला स्वच्छ सांगितलं. या जातीच्या गाठीला सलाईनच्या औषधांनी फारसा फरक पडत नाही, ती कापूनच काढायची. गाठ हाडातच असेल तर तेवढं हाड काढून पोलादी सांधा बसवता येईल. पण ती गुडघ्याच्या सांध्यात शिरली असेल तर, ज्या जागी ती आहे ते पाहता, पाय मांडीतून काढावा लागेल. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, पण गाठ सांध्यात शिरली की नाही हे खात्रीने कळत नाही. त्यासाठी एमआरआय.

आम्ही म्हापशाला गेलो. मी, बहीण, तिचा नवरा आणि सासू. मशीनवरच्या मुलीने सांगितलं, अंगावर धातूचं काही नको. पिना निघाल्या, पैंजण निघाले. मंगळसूत्र काढायला बहिणीचा हात मानेमागे गेला आणि सासूने तो धरला.

"घोव जिवंत आसताना?"

बाकावर बसलेली सगळी माणसं बघू लागली. बहीण म्हणाली, "आई, तुमचो झील भायर गाड्यार उंडो-भाजी खाता. तेका काय जावचें ना."

लेकाचं नाव काढूनही सासू हसली नाही. तिने पदराच्या गाठीतून पिवळ्या दोऱ्यात ओवलेलं हळकुंड काढलं, ते सुनेच्या गळ्यात बांधलं आणि मगच मंगळसूत्र उतरवून आपल्या मुठीत धरलं. हळकुंड घरूनच आणलेलं होतं. म्हणजे मशीन काय काय उतरवायला लावतं याची चौकशी तिने आधीच केली होती. आजाराची चौकशी तिने कधी केल्याचं मला आठवत नाही.

दारातून ठोकल्यासारखे आवाज येत राहिले. बाहेर आल्यावर बहीण म्हणाली, "सुर्ल्याच्या खाणीर निजल्यावरी दिसलें गो ताई. ट्रकार ट्रक ओतीत आसले."

तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर तिचा गुडघा दाखवला. शिरेतून औषध सोडल्यावर गाठ पांढरी उजळली होती. गुडघ्याच्या मध्ये दोन हाडांना बांधून ठेवणारी जी दोरी असते, तिच्या कडेने त्या पांढऱ्याचं एक टोक खाली उतरलं होतं, सांध्यात. बहीण बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "शिरलो मगो." नवरा दाराशी उभा होता. त्याला डॉक्टरांनी आत बोलावलं, पण तो आला नाही.

सासरच्यांनी तपासणीची फिल्म हळर्णला नेली, पण ती घरात गेली नाही. असली वस्तू देवाच्या घरात नको म्हणून सासूने ती गोठ्यात ठेवायला लावली. मग देवाला कौल लावला. मूर्तीला कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावले, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, उजवा कळा पडला, म्हणजे देवाचा होकार. पाय राखायचा. मी त्या गुरवाला विचारलं, काय म्हणून विचारलं होतं? पाय ऱ्हावचो काय ना, इतकंच. बहीण राहायची की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

मी गाडी घेऊन तिला न्यायला गेले. "पाय गेलो तर गेलो," ती मला आधीच फोनवर म्हणाली होती, "पूण हांव जगूंक जाय." पण दारात सासू उभी होती आणि नवरा तिच्यामागे. चवथ होऊ दे, तो म्हणाला. घरात गणपती यायचा आहे, सुनेचा पाय कापून आणायचा का? बहिणीने त्याच्याकडे बघितलं आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली. "चवथ जातकच येतां, ताई." त्या चवथीला तिने खुर्चीत बसून नेवऱ्या तळल्या.

चवथीनंतर पाय काढला. त्या वेळच्या तपासणीत फुप्फुसात ठिपके होते. आधी केलं असतं तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. ते प्रामाणिक माणूस आहेत. मला मात्र सांगता येतं.

ती गेली तेव्हा सासूने तिला हिरवी काकणं भरली, मळवट भरला आणि सवाष्ण गेली, भाग्यवान, असं म्हणाली. त्या आवाजात समाधान होतं. मी ते ऐकलं आहे आणि विसरणार नाही.

बाराव्याला पंगत उठल्यावर मी बहिणीच्या नवऱ्याकडे फिल्म मागितली. तो गोठ्यात गेला. पाकिटावर शेणाची धूळ आणि पालीची अंडी चिकटली होती, आतल्या फिल्म ओलीने एकमेकींना धरल्या होत्या. पायरीवर उभं राहून त्याने एक सोडवली आणि उजेडाकडे धरली. उलटी. मी ती सुलट केली.

"ताई, खंय तें?"

मी नखाने दाखवलं. तो बघत राहिला.

"म्हणजे हें तेन्नाच आसलें?"

"तेन्नाच आसलें. म्हणून मशिनीक दिसलें. तुमकांय दिसपाचें, तुमी भितर येवंक नात."

आत सासूचा आवाज चालू होता. नुकत्याच आलेल्या कुणा बाईला ती पहिल्यापासून सांगत होती, त्या मशिनीत घातली आनी रोग सांध्यात गेलो. फिल्म अजून त्याच्या हातात होती. चार पावलं आत जाऊन त्याने एक वाक्य बोलायचं होतं. मी थांबले.

"आवय म्हातारी जाली, ताई," तो म्हणाला. "ही तुमीच व्हरा."

मी फिल्म त्याच्या हातातून घेऊन पाकिटात घातली. तो पाण्याचा तांब्या घेऊन आत गेला, आणि मशिनीनंच झालं का, असं आतल्या बाईने विचारलं तेव्हा हो म्हणाला.