गीतकाराच्या जागी काय लिहायचं

माझी भावजय गाते आणि बाकीचं सगळं मी बघते. बाकीचं म्हणजे गाडी, साउंडवाला, ढोलकीवाल्याचं जेवण, तिच्यासाठी कोमट पाण्याचा थर्मास, आयोजकांकडून वेळेची खात्री आणि कार्यक्रम संपल्यावर तिला गर्दीतून बाहेर काढणं. यादी केल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. पण तिच्या पहिल्या रेकॉर्डच्या वेळी यादीतलं एक काम असं अडकलं, की ते माझ्याच्याने सुटेना. हळदीच्या गाण्यापुढे गीतकार म्हणून काय लिहायचं, एवढंच ते काम होतं.

ते गाणं माझ्या धाकट्या बहिणीच्या हळदीतलं. आमचा नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला फुलांचा मळा आहे, घरही तिथंच. त्या दिवशी नळाला पाणी आलं नव्हतं आणि आमचे मामा द्वारका चौकातल्या गर्दीत अडकले होते. भावजय घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बायका म्हणाल्या, नव्या सुनेनं माहेरचं एखादं म्हणावं. ती जात्यावर बसलेलीच होती. खुंटा न सोडता तिनं सुरू केलं:

हळद लागली गं, पिवळे झाले हात
टाकीला नाही पाणी, कशी धुवू परात
हळद लागली गं, पिवळी झाली साडी
द्वारक्याला अडकली मामाची गं गाडी

अशी चार कडवी. बायकांनी दुसऱ्या कडव्यापासूनच ओळ उचलली. "कुठलं गं हे?" चुलतीनं विचारलं. "आमच्याकडचं," ती म्हणाली. तिचं माहेर कळवणच्या पुढे.

पंगत उठल्यावर मोरीवर भांडी विसळताना मी म्हटलं, "तुमच्या गावात द्वारका चौक कधी झाला?"

"गप बसा ना ताई," ती हसत म्हणाली. "आत्ताच जुळवलंय. पण नवी सून गाणी रचते म्हटलं, तर म्हणतील शहाणी आली."

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. गाणं चाललं होतं, पाहुणे खूश होते, विषय संपला.

पुढे गणपती मंडळं, बचत गटांचे मेळावे, मग सभागृहं आणि शेवटी पुण्या-मुंबईची बोलावणी, अशी ती गात गेली. मोबाइलवर तिचं गाणं पहिल्यांदा टाकलं तेव्हा तिनंच खाली 'पारंपरिक' असं लिहायला सांगितलं. तेच पुढे प्रत्येक गाण्याला लागलं. काही गाणी खरंच पारंपरिक होती, बरीचशी तिची होती. आणि मधूनच, धीर करून, एखादं ती स्वतःचं म्हणून गायची.

तिच्यावर पहिल्यांदा लिहिलं ते नाशिकच्याच एका निवृत्त प्राध्यापकांनी. लोकगीतं गोळा करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान. त्यांनी लिहिल्यामुळे तिला मोठी सभागृहं मिळाली, हे मी आजही मान्य करते. पण प्रत्येक लेखात एक वाक्य ठरलेलं असायचं. परंपरेतली गाणी ती जिवंत करते, तिची स्वतःची रचना मात्र यमकाच्या पुढे जात नाही. स्तुती व्हायची ती टाकीची, द्वारक्याची, म्हणजे तिच्याच गाण्यांची. टीका व्हायची तीही तिच्याच गाण्यांवर. पहिल्या लेखाला ती पोट धरून हसली. दुसऱ्याला थोडी हसली. नंतर हसायचं बंद झालं.

"मी केलेलं चांगलं म्हणवून घ्यायचं," ती एकदा पोळ्या लाटताना म्हणाली, "तर ते माझं नसलं पाहिजे. असा नियम दिसतोय."

म्हणून रेकॉर्डच्या वेळी तिनं ठरवलं, की आता नाव लावायचं. मजकूर स्टुडिओकडे पाठवण्याआधी प्राध्यापकांकडून चार शब्द घ्यावेत असं मीच सुचवलं आणि गाण्यांची आणि गीतकारांची नावं त्यांना कळवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"हळदीचं गाणं तुमच्या भावजयीचं कसं? ते माझ्या संग्रहात आहे. कळवणच्या पुढच्या गावात मी स्वतः ऐकून उतरवलंय. 'आडाला नाही पाणी' असं मूळ आहे. 'घाटात अडकली मामाची गं गाडी'. गाडी म्हणजे बैलगाडी. टाकी आणि द्वारका हे यांनी शहरात आल्यावर घुसडलेलं आहे."

मी म्हटलं, "सर, उलट आहे. आधी टाकी होती."

"ताई, तुम्ही घरच्या आहात," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी लेख आला. नाव घेतलेलं नव्हतं, पण नाशिकमध्ये कळायला कुणाला वेळ लागला नाही. सामूहिक ठेवा स्वतःच्या नावावर करून घेणाऱ्या गायिकांबद्दल होता तो लेख. लगेच दोन आयोजकांनी 'जरा पुढं बघू' म्हणून सांगितलं. आणि एका वाचनालयानं आधीच ठरवलेली प्रकट मुलाखत जवळ आली होती. मुलाखत घेणार होते प्राध्यापकच.

"रद्द करू," मी म्हटलं.

"का? मी चोरलंय का?"

मग साक्षीदार हवा. मी ऐकलं होतं, पण मी घरची. बहीण घरची. आमच्या चुलत्या, माम्या, सगळ्या घरच्याच. राहिलं तिचं माहेर. तिथं हे गाणं तिनंच नेलं होतं, लग्नानंतर चुलतबहिणीच्या हळदीला. म्हणजे त्याआधी गावात ते नव्हतं, एवढं जरी कुणी बाईनं सांगितलं असतं, तरी काम झालं असतं. आम्ही शनिवारी सकाळी गाडी काढली.

वणीपर्यंत ती बोलत होती. कळवण मागे पडल्यावर तिनं खिडकीची काच खाली घेतली.

तिच्या काकूंनी भाकरी टाकता टाकता ऐकून घेतलं. ओट्यावर आणखी दोघी-तिघी येऊन बसल्या. घरात लगीनघाई होती, काकूंच्या धाकट्या मुलीचं लग्न पुढच्याच महिन्यात होतं.

"ते हळदीचं व्हय?" काकू म्हणाल्या. "ते तर पहिल्यापासूनच हाय."

"पहिल्यापासून म्हंजे कधीपासून, काकू? मी आणलं ना ते. अक्काच्या लग्नात."

"तू म्हणलीस खरं. पण ते काय तुझं हाय व्हय? आमची सासू म्हणायची."

"लय जुनं हाय ते," दुसरी म्हणाली.

"तुमच्या सासूच्या काळात मामाची गाडी कुठं होती?" मला राहवलं नाही.

"नाशिकच्या लोकांकडंच गाड्या असत्यात का?" ती दुसरी फाडकन म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

भावजय हसली नाही. "बरं, म्हणा तुम्ही," ती म्हणाली. "तुमच्याकडं कसं म्हणतात ते."

त्यांनी म्हटलं. आड होता, घाट होता. तिची चार कडवी संपली आणि गाणं थांबलं नाही. पुढे आणखी कितीतरी होती. त्यात एक आलं, ते काकू खाली बघून, तव्यावरची भाकरी न उलटता म्हणत होत्या:

हळद लागली गं, पिवळी झाली भिंत
बोटं लेकीची राहिली, पुसाया नाही हिंमत

भाकरी करपली. भावजयीनं हळूच विचारलं, "हे कुणी घातलं?"

"कुणी म्हंजे? गाण्यातच हाय."

मी उठून पाणी घ्यायला आत गेले. लग्नासाठी घराला नुकताच रंग दिला होता, निळा, चकचकीत. दाराच्या चौकटीजवळ हातभर जागा मात्र तशीच सोडलेली होती. त्या जुन्या चुन्यावर चार पिवळट बोटं उमटलेली. काकूंची थोरली मुलगी, अक्का, सुरतेला दिलेली, आणि लग्नानंतर तिला माहेरी फारसं पाठवत नाहीत, हे मला भावजयीनं कधीतरी सांगितलं होतं. मी पाणी न घेताच बाहेर आले. तिला काही सांगायची गरज नव्हती. बसल्या जागेवरून तिला ती भिंत दिसत होती.

निघताना काकू गाडीजवळ आल्या. "तू पेपरात तुझं म्हणून छापणार व्हय?"

"माझं आहे तेवढं."

"मग आम्ही काय तुला इचारून म्हणायचं का?"

ती गाडीत बसली. काकूंनी गाडीचं दार जरा जोरातच लावलं.

मुलाखतीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मी विंगेत उभी होते. माईक दोनदा तपासला होता, थर्मास तिच्या खुर्चीशी होता, करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी मी यादी पुन्हा वाचत होते. प्राध्यापक सभ्यपणे बोलत होते. तिचं बालपण, आवाज, रियाज. मग त्यांनी त्यांचा संग्रह उघडला.

"हे कडवं मी वाचतो. 'बोटं लेकीची राहिली, पुसाया नाही हिंमत.' असं कडवं एका माणसाला सुचत नाही. त्याला पिढ्या लागतात. आता मला सांगा, हे गाणं तुमचं आहे?"

मागे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मला वाटलं, आता ती भिंतीबद्दल सांगेल. एक वाक्य सांगितलं असतं तर बाजी तिची होती. पिढ्या नाहीत सर, एक बाई आहे, तिचं घर अमुक ठिकाणी आहे. मी मनातल्या मनात तिला ते वाक्य पुरवत होते.

"पहिली चार कडवी माझी," ती म्हणाली. "नणंदेच्या हळदीत केली. टाकीला खरंच पाणी नव्हतं. हे कडवं माझं नाही."

"मग कुणाचं?"

"ते मी नाही सांगणार."

"म्हणजे परंपरेचंच," ते श्रोत्यांकडे वळून म्हणाले. काही जण हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी, ते कळलं नाही. शेवटी तिनं गाणं म्हटलं, तिचीच चार कडवी. मागच्या रांगेतल्या बायका तिच्यापेक्षा मोठ्यानं 'आडाला नाही पाणी' म्हणत होत्या.

गाडीत मी चिडले. "सांगून टाकायचं होतंस! तो माणूस तोंडात बोट घालून बसला असता."

"काकू स्वतः कबूल करत नाही, ताई. भाकऱ्या थापताना नाही, बायकांत नाही. आणि मी माईकवर सांगू? तिच्या लेकीच्या सासरी पोचलं असतं ते दोन दिवसांत."

स्टुडिओवाले रोज फोन करत होते. मी म्हणत होते, देते.

धाकटीच्या हळदीला आम्ही गेलो. बोलावणं आलं होतं, पण नुसतं फोनवर. बायकांनी सगळी गाणी म्हटली, हे सोडून. नवरीला हळद लावून झाली तरी कुणी ते काढेना. शेवटी एका पाहुणीनंच आठवण केली. तेव्हा काकू म्हणाल्या, "ते आता आमचं नाय. मालकीण बसलीय ती. म्हण गं बाय, तुझं हाय ना?"

हळदीचं गाणं एकटीनं म्हणायचं नसतं. एकीनं टाकायचं, बाकीच्यांनी झेलायचं. भावजयीनं पहिली ओळ टाकली. कुणी झेलली नाही. ती थांबली नाही. दुसरी ओळ, दुसरं कडवं. मांडवात भटारखान्यातल्या झाऱ्याचा आवाज येत होता. मी झेलायला तोंड उघडलं, तर तिनं मान हलवून मला गप्प केलं. हजारो लोकांपुढे गाताना मी तिला पाहिलं आहे. तिचा आवाज मी तिथं पहिल्यांदा कापताना ऐकला.

चौथं कडवं संपलं. "एवढंच माझं," ती म्हणाली. "पुढचं मला येत नाही."

नवरी आईकडे बघत होती. काकूंनी हळदीची वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि भिंतीचं कडवं म्हटलं. एकटीनंच. दुसऱ्या ओळीला त्या अडल्या, तसं भावजयीनं ती ओळ उचलली आणि मग सगळ्यांनी उचलली. त्या दिवशी मला वाटतं सगळ्यांनाच कळलं ते कडवं कुणाचं, आणि कुणीच तसं म्हणालं नाही.

निघताना भावजयीनं काकूंना विचारलं, "हे रेकॉर्डमध्ये घेऊ? तुमच्या नावानं?"

"म्हणायचं असंल तर म्हण," काकू म्हणाल्या. "कुठं लिहायचं नाय."

मी सांगितलं, की रेकॉर्डमध्ये जे म्हणतो ते लिहावं लागतं, स्टुडिओचा तसा नियम आहे. काकू म्हणाल्या, "मग नगं."

रेकॉर्ड निघाली. हळदीच्या गाण्यात चारच कडवी आहेत, टाकीसह, द्वारक्यासह, आणि पुढे तिचं नाव. प्राध्यापकांनी त्यावर लिहिलं. स्वतःचं नाव लावण्याच्या हट्टापायी गायिकेनं गाण्यातलं सर्वांत सुंदर कडवं गाळलं आणि गाण्याचं नुकसान केलं, असं.

मी पेपर तिच्यासमोर टाकला. "उत्तर द्यायचं का? मी मुद्दे काढते."

तिनं लेख सावकाश वाचला, दुसऱ्यांदाही वाचला.

"मुद्दे नका काढू," ती म्हणाली. "नुकसान झालंय, ते खरंच आहे."